भिऱ्यापासून सर्व्हरपर्यंत : रायगडातील किफायतीचा हिशेब

पेण-रोह्याच्या परिसरात यंत्रांच्या किफायतीचा हिशेब संगणकाच्या कितीतरी आधी मांडला गेला. मुंबईच्या कापडगिरण्या दुरून आणलेल्या कोळशावर चालत असताना टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून ते कोकणात उतरवले आणि आजच्या रायगड जिल्ह्यात खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही जलविद्युत केंद्रे उभी राहिली. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरीही शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्याच, आणि वीज देऊन मोकळे झालेले पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे वाहू लागले. यंत्राच्या किमतीइतकाच ते रोज चालवण्याचा खर्चही जमेस धरावा लागतो, हे या स्थित्यंतरातून दिसते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केल्यावर यंत्रांच्या किफायतीचा हाच प्रश्न संकेतस्थळे चालवणाऱ्यांपुढे आला. सर्व्हर, म्हणजे मागणी येताच माहिती पुरवणारा संगणक, हे त्या काळी बहुधा युनिक्सवर चालणारे महागडे यंत्र असे आणि गर्दी वाढली की त्याहून मोठे यंत्र घ्यावे लागे. अनेक लहान प्रोसेसर जोडून मोठे काम उरकता येते, हे पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्येच ‘परम ८०००’ महासंगणकातून दाखवले होते; पुढे गूगलने साध्या पीसीच्या धर्तीचे हजारो संगणक जोडून शोधसेवा चालवली आणि एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडू नये, ही जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोपवली.

यंत्रनिवडीतला खरा पेच गर्दीच्या चढउताराचा असतो. पेण-रोहा मार्गे कोकणात उतरणाऱ्या गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण खुले होताच हजारो चाकरमानी एकाच वेळी त्याच गाडीतल्या जागा पाहतात. ‘जागा आहेत का’ या प्रश्नाचे उत्तर काही क्षण मेमरीत साठवून ठेवले, तर ते अनेक स्वस्त सर्व्हर वाटून देऊ शकतात. मात्र शेवटची जागा दोघांना विकली जाऊ नये यासाठी आरक्षणाची अंतिम नोंद एकाच ठिकाणी व्हावी लागते, म्हणून या नोंदींचा डेटाबेस सांभाळणाऱ्या सर्व्हरसाठी मुबलक मेमरी, वेगवान एसएसडी साठवण आणि नोंदींची दुसरी प्रत यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. सणापुरती लागणारी जादा यंत्रे विकत घेऊन वर्षभर रिकामी ठेवण्यापेक्षा क्लाउडमधून, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या दूरच्या संगणकांच्या साठ्यातून, भाड्याने घेणे परवडते.

अशी यंत्रेही कुठेतरी ठेवावी आणि चालवावी लागतातच. २०२० मध्ये पनवेलजवळ ‘योट्टा’ कंपनीचे मोठे डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरांना अखंड वीज आणि थंडावा पुरवणारे संकुल, सुरू झाले. कोकणच्या दमट उकाड्यात सर्व्हरइतकीच त्यांना थंड ठेवणारी यंत्रणाही वीज मागते. म्हणून केंद्राने घेतलेल्या एकूण विजेला केवळ संगणकांना मिळालेल्या विजेने भागून येणारे गुणोत्तर एकाच्या जितके जवळ, तितके ते केंद्र किफायतशीर मानले जाते. सर्व्हर निवडताना खरेदीच्या किमतीत त्याच्या आयुष्यभराचे वीजबिल मिळवल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नये.