साल्हेर

साल्हेर : नाशिक जिल्ह्याच्या बागलाण (सटाणा) तालुक्यातील गिरिदुर्ग व त्याच्या पायथ्याचे गाव. समुद्रसपाटीपासून उंची १,५६७ मी. हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून शिखरांमध्ये कळसूबाईच्या (१,६४६ मी.) खालोखाल त्याचा क्रम लागतो. सह्याद्रीचा उत्तरेकडचा शेवट जवळ येतो तेथे सेलबारी व डोलबारी या दोन डोंगररांगा पूर्वेकडे गेल्या आहेत. साल्हेर, त्याला खिंडीने जोडलेला सालोटा, तसेच मुल्हेर, मोरागड, हरगड हे किल्ले डोलबारीवर आहेत. मांगी-तुंगीचे जुळे सुळके आणि न्हावीगड सेलबारीवर. मधल्या खोऱ्यातून मोसम नदी गिरणेकडे जाते. पश्चिमेला डोंगर उतरला की गुजरातचे डांग, सागाच्या जंगलाचा मुलूख.

समुद्र येथून दूर असला तरी या गडाची कथा किनाऱ्याशी बांधलेली आहे. परशुरामाने येथूनच बाण सोडून सागर हटवला व कोकणभूमी मिळवली, अशी स्थानिक श्रद्धा आहे. माथ्यावरच्या लहानशा मंदिरात त्याच्या पादुका आहेत. सुरत बंदरातून दख्खनेत जाणारा माल बागलाणातून जाई, म्हणून येथील किल्ल्यांना मोल होते. बागुल राजांचे हे राज्य १६३८ मध्ये मोगलांकडे गेले. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून शिवाजी महाराज याच वाटेने परतले आणि १६७१ च्या आरंभी त्यांनी साल्हेर घेतला. मोगलांनी वेढा घातला तेव्हा कोकणातून मोरोपंत पिंगळे व वरघाटावरून प्रतापराव गुजर चालून आले. १६७२ च्या या लढाईत मोगलांचा मोठा पराभव झाला; मराठ्यांकडील सूर्यराव काकडे धारातीर्थी पडले. गनिमी काव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठी फौजेने मोगलांना उघड्या मैदानात हरवले, हे या लढाईचे खरे महत्त्व. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यांत नाशिक जिल्ह्यातला साल्हेर हा एकच किल्ला आहे.

त्यानंतर गडाकडे पाहुण्यांचे लक्ष अधिक वळले. पण बहुतेक जण रात्रीचा प्रवास करून पहाटे चढतात आणि संध्याकाळी परततात. अशा धावपळीत माथा पायाखाली येतो, मुलूख मात्र पाहायचा राहून जातो. किमान तीन दिवस हाताशी ठेवून, एखाद्या गावात मुक्काम धरून आखणी करावी.

नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर व वाघांबे या मार्गे साल्हेर सुमारे १२५ किमी. पडते. रेल्वेने येणाऱ्यांना नाशिक रोड किंवा मनमाड सोयीचे. सटाणा व ताहाराबादपर्यंत एस.टी.ची ये-जा चांगली आहे. पुढच्या गाड्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आगारात विचारूनच निघावे. पेट्रोल, औषधे, रोख रक्कम यांची सोय ताहाराबाद मागे पडण्याआधी करावी. मोबाइलची रेंज सर्वत्र मिळेल असे धरू नये.

पहिला दिवस मुल्हेरला द्यावा. गडाच्या माचीवर सोमेश्वराचे मंदिर, तळे व वाड्यांचे अवशेष झाडीत विखुरलेले आहेत. चढ साल्हेरच्या मानाने सौम्य, त्यामुळे पायही तयार होतात. दुसऱ्या दिवशी साल्हेर. वाघांब्याकडून साल्हेर-सालोटा खिंडीत यावे, तेथून कातळात खोदलेल्या पायऱ्या व एकामागून एक दरवाजे लागतात. दरवाज्यांनंतरची कड्यालगतची वाट अरुंद आहे. पावसात व धुक्यात तेथे घाई जिवावर बेतू शकते. वरच्या पठारावर गंगासागर तलाव, यज्ञवेदी व मुक्कामायोग्य गुहा आहेत. उतरताना साल्हेरवाडीची वाट धरली की गडाच्या दोन्ही बाजू पाहून होतात. प्रथमच येणाऱ्यांनी गावातला वाटाड्या घ्यावा. त्याची मजुरी आधी ठरवून पुरती द्यावी. तिसऱ्या दिवशी मांगी-तुंगी पाहावे. हे जैनांचे सिद्धक्षेत्र असून तेथे ऋषभदेवांची १०८ फुटी अखंड पाषाणमूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठापित झाली. जंगलाची ओढ असणाऱ्यांनी त्याऐवजी डांगच्या बाजूला वळावे.

ऋतू निवडताना पंचांग जवळ ठेवणे शहाणपणाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पठारावर रानफुले असतात, ओढे वाहते असतात आणि आकाश मोकळे होऊ लागते. याच सुमारास कोजागरीला मुल्हेर गावात उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी रासक्रीडेचा उत्सव रात्रभर चालतो. सहलीची तारीख या रात्रीभोवती बेतावी, असे नोंदकाराचे आग्रहाचे मत आहे. हिवाळ्यात थंडी कडक, पण नजर दूरवर सप्तशृंगी व धोडपपर्यंत पोहोचते. वैशाखात खडक तापतात, पाणी आटते. तेव्हा येऊ नये.

मार्गशीर्षात कोकणा व भिल्ल समाजांचा डोंगऱ्यादेव असतो. व्रत धरलेले भक्त पावरीच्या सुरावर गावोगाव नाचत जातात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातल्या देवस्थानी जागर करतात. हे व्रत आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये, देवाच्या जागी चपला घालून जाऊ नये. जेवणाची सोय गावातल्या घरी आदल्या दिवशी सांगून करता येते; नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ हे या भागातले रोजचे अन्न. गडावरील टाक्यांत उतरू नये, भांडी-कपडे तेथे धुऊ नयेत. वर मुक्काम करणाऱ्यांना पिण्यासाठी तेच पाणी असते. प्लॅस्टिक परत खाली आणावे.