दहा पौंडांचे ऊन

माणूस पोटासाठी देश सोडतो, हे आपण जाणतोच. पण उन्हासाठी? ब्रिटनमध्ये तेही घडले. १९४७ चा हिवाळा तिथे फार कडक गेला. कोळसा अपुरा, रेशन चालूच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाची सवलतीची योजना सुरू झाली. मोठ्या माणसाला प्रवासखर्च अवघा १० पौंड, लहान मुलांना फुकट! अट एवढीच, की दोन वर्षे तिथे राहायचे. आधी परतलात तर भाडे भरा. पुढे दहा लाखांहून अधिक ब्रिटिश माणसे तिकडे गेली.

१९६६ साली वेल्समधल्या बॅरी गावचे एक जोडपे दोन मुलींना घेऊन अ‍ॅडलेडला गेले. धाकटीला छातीचा विकार. तिला उबदार हवा मानवेल, असा सल्ला मिळाला होता. तीच ज्युलिया गिलार्ड २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाची पंतप्रधान झाली.

आता दुसरी बाजू पाहा. हे दार रंग बघून उघडत असे. १९०१ च्या कायद्यापासून गोऱ्यांखेरीज इतरांना तिथे वसायला जवळजवळ मज्जाव होता. आपल्याकडच्या आईबापांचे मूलही छातीने आजारी असेल. पण त्यांच्यासाठी १० पौंडांचे तिकीट नव्हते. ते धोरण १९६६ मध्ये सैल झाले आणि १९७३ मध्ये संपले. शिक्षकांनी नकाशावर ऑस्ट्रेलिया दाखवताना मुलांना हेही जरूर सांगावे.