सुपारी घेतली, पण जोखीम कुणाची?

अ‍ॅपवरून बँड, डीजे किंवा मांडववाला ठरवताना अटींची लांबलचक यादी येते आणि आपण ती न वाचताच 'मान्य' करून टाकतो. त्यातली कळीची अट एकच असते: कार्यक्रम झालाच नाही, तर आगाऊ दिलेल्या पैशांचं काय? हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. तो समजून घ्यायला पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव बघू या.

जुन्नर तालुक्यातल्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं ऑफिस. चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा असतात. त्यामुळे गावकरी आणि यात्रा कमिटीचे लोक येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि फड ठरवतात. यालाच 'सुपारी देणं' म्हणतात. एकेकाळी व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून खरोखरच विडा-सुपारी देत. पुढे त्या जागी रोख इसार आला, शब्द मात्र टिकला.

या बाजाराचे नियम कुठल्या वेबसाइटवर नाहीत, पण आहेत पक्के. भाव तिथीवर ठरतो. चैत्र पौर्णिमेसारख्या दिवशी अनेक गावांची जत्रा एकदमच येते आणि फड तर तेवढेच, मग सुपारी चढते. मोकळ्या दिवशी तोच फड कमी पैशात मिळतो. रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या दिवशीची हजेरी धरलीय का, स्टेज कुणाचं, जेवणाचं काय, हे आधीच बोलून घ्यायचं. गावाकडचे पैसे लोकवर्गणीतून आलेले असतात, म्हणून कमिटीलाही गावाला हिशेब द्यावा लागतो.

आता दुसरी बाजू बघा. फडमालक हंगामाआधी कलावंतांना 'उचल' देतो. त्यासाठी बऱ्याचदा तो स्वतःच कर्ज काढतो आणि जत्रांच्या सुपाऱ्यांतून ते फेडायचं, असा हिशेब असतो. म्हणजे गावाने दिलेला इसार फडमालकाकडे साठून राहत नाही. तो गाड्या, सामान, उचल यांत आधीच वाटला गेलेला असतो.

ही साखळी 2020 मध्ये तुटली. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता आणि देशभरचा लॉकडाऊनही त्याच दिवशी सुरू झाला. म्हणजे बाजाराचा मुख्य दिवसच गेला, पाठोपाठ जत्राही रद्द झाल्या. गावाचं म्हणणं, जत्राच नाही तर पैसे कसले? त्यात चूक काहीच नाही. पण फडमालकाच्या डोक्यावर कर्ज तसंच राहिलं, आणि घेतलेली उचल फेडायला कलावंताकडे खेळच उरला नाही. अनेकांवर मोलमजुरीची वेळ आली.

माझ्या मते इथला मुद्दा फसवणुकीचा नाहीच. सुपारीचा करार गाव आणि फडमालक या दोघांतला. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणारी बाई त्या बोलणीत नसतात, तरी नुकसान शेवटी त्यांच्यापर्यंत पोचतं. आजच्या अ‍ॅपवरही अटी ग्राहक, व्यावसायिक आणि कंपनी यांच्यापुरत्या असतात. बँडमध्ये रोजंदारीवर वाजवणारा त्यांत कुठे असतो?

म्हणून पुढच्या वेळी ती 'रद्द झाल्यास' वाली अट जरूर वाचा. तुमचे पैसे परत मिळतील का, हे तर बघाच; पण ते कुणाच्या खिशातून येणार, हेही बघा.