केळीचा कंद : परसबागेतील लागवड

मातीचा गड्डा न ठेवता, उघड्या मुळांचे फळझाड लावण्याची रीत थंड मुलखातली. हिमाचलात सफरचंद, नाशपातीची कलमे हिवाळ्यात पाने झडलेली असताना उपटतात आणि तशीच दुसरीकडे लावतात. खानदेशात हे जमत नाही. आंबा, चिकू, लिंबू बारमाही हिरवे. मुळे उघडी पडली तरी पानांतून पाणी उडतच राहते आणि रोप मान टाकते. म्हणून इथले कलम पिशवीतून येते. अपवाद केळीचा.

भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत असलेले दीपनगर केळीच्याच पट्ट्यात येते. केळीचे रावेर, यावल तालुके जवळच. अशा वसाहतीच्या परसात, मोरीच्या पाण्यावर, चार केळी सहज पोसतात.

कंद मातीविना तगतो, कारण अन्नाचा साठा त्याच्याच पोटात असतो. निवड मात्र डोळसपणे करावी. तलवारीसारख्या अरुंद पानांचे, तीन-चार महिन्यांचे पील (बुंध्यालगतचा फुटवा) कंदासकट घ्यावे. रुंद पानांचे देखणे पील बहुधा वरवर रुजलेले आणि कमजोर निघते. अर्धा ते पाऊण किलोचा, नारळाच्या आकाराचा कंद उत्तम. जुनी मुळे छाटावीत, वरचा दांडा कापावा, काळपट किंवा किडीने पोखरलेला भाग दिसला तर तो कंद सरळ फेकावा. कार्बेन्डाझिमच्या द्रावणात अर्धा तास बुडवून सावलीत निथळला की दीड फूट खोल खड्ड्यात, शेणखत मिसळलेल्या मातीत, डोळा वर ठेवून लावावा आणि भोवतीची माती पायाने दाबावी. पोकळी राहिली तर तिथे पाणी साचते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कंद कुजायला तेवढे पुरते.

लागवडीचे हंगाम दोन : जून-जुलैची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि उष्ण वारे पाने फाडतात. शेतकरी त्यासाठी बागेभोवती शेवरी लावतात. परसात कुंपणाची भिंत ते काम करते.

खरा धोका रोगाचा. पर्णगुच्छ आणि ‘हरण्या’ (काकडीवरील मोझॅक विषाणू) कंदातून घरी येऊ शकतात, पुढे मावा ते पसरवतो. परसात हौसेने लावलेल्या काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही हरण्याचा विषाणू जगतो, तेव्हा ते वेल केळीपासून दूर बरे. कंदातून येणाऱ्या अशा रोगांमुळेही शेतांतून कंद मागे पडला आणि ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ रोपे आली. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगाव केळीच्या बागांत आज हेच वाण सर्रास दिसते. चार केळींच्या परसाला मात्र शेजारच्या निरोगी बागेतला कंद अजूनही पुरतो. घड उतरेपर्यंत दीड वर्षाची सवड हवी.