पाचशेच्या पलीकडे

संकेतस्थळ उघडताना पडद्यावर ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढेच उमटले, की नवख्या माणसाला वाटते, सर्व्हर काहीतरी लपवतो आहे. ते खरेच आहे. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात ४ ने सुरू होणारे क्रमांक मागणाऱ्याच्या चुकीसाठी आणि ५ ने सुरू होणारे सर्व्हरकडच्या चुकीसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे ५०० हा आकडा ‘दोष आमच्याकडे आहे’ इतकीच कबुली देतो. स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरमध्ये आहे, डेटाबेसचे नाव काय, गाडे कोणत्या ओळीवर अडले, हे सगळे जगजाहीर केले तर घरफोड्यालाही त्याचा उपयोग होईल. म्हणून तो तपशील एरर लॉगमध्ये जातो. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

हे पुस्तक आहे भाड्याच्या जागेत संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी. शेअर्ड होस्टिंगवर एकाच मशीनमध्ये शेकडो बिऱ्हाडे नांदतात. भाडेकरूच्या हाती असते आपले फोल्डर, एक कंट्रोल पॅनेल आणि लॉगची फाइल. रूटचे अधिकार नसतात, सर्व्हर रीस्टार्ट करता येत नाही. तरीही बहुतेक चुकांचे निदान एवढ्या सामग्रीवर होते, असा आमचा अनुभव आहे. अट एकच: फाइलला हात लावण्यापूर्वी ही तक्रार नेमका कोणता थर करतो आहे, हे ओळखायचे. वेब सर्व्हर, भाषेचा इंटरप्रिटर, आपली स्क्रिप्ट आणि डेटाबेस हे चार थर एकमेकांवर रचलेले असतात आणि प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा निराळी असते. ती ओळखता आली नाही, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

या थरांची रचना समजायला थोडा इतिहास लागतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात सीजीआयचा संकेत ठरला. मागणी आली की सर्व्हरने एक प्रोग्रॅम चालवायचा, मागणीची माहिती त्याला पर्यावरण-चलांतून पुरवायची आणि तो जे छापेल ते ब्राउझरकडे पाठवायचे. प्रोग्रॅमने आधी हेडर छापायचे, मग एक कोरी ओळ आणि मग मजकूर. संकेत इतका साधा होता की पर्ल जाणणाऱ्या कुणालाही तो एका बैठकीत वापरता येई. ‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स’ हे अपाची सर्व्हरच्या लॉगमधले प्रसिद्ध वाक्य याच संकेतातून आले. त्याचा अर्थ एवढाच, की हेडर पुरे होण्याआधी स्क्रिप्टचे बोलणे थांबले. हे वाक्य सर्व्हरचे आहे, स्क्रिप्टचे नव्हे. स्क्रिप्ट कदाचित सुरूच झालेली नसेल.

ती सुरू का होत नाही, याचे एक उदाहरण जवळून पाहू. पर्ल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पत्ता असतो. विंडोजमध्ये ओळ दोन अदृश्य खुणांनी संपते, युनिक्समध्ये एकाच खुणेने. फाइल विंडोजवर लिहून एफटीपीच्या बायनरी मोडने चढवली, तर ती जादा खूण तशीच वर जाते आणि युनिक्स तिला पत्त्याचाच भाग समजते. त्या नावाचा इंटरप्रिटर मशीनवर नसतो. लॉग म्हणतो, ‘अशी फाइल नाही’. आपण बघतो तर स्क्रिप्ट जागेवर आहे, परमिशनही ७५५ आहे. इथे बरेच जण हतबल होऊन परमिशन ७७७ करून टाकतात आणि दुखणे वाढवतात. स्क्रिप्ट भाडेकरूच्याच खात्याने चालवणारी सुएक्झेक ही सोय वापरणाऱ्या सर्व्हरवर, ७७७ सारखी इतरांना लिहिण्याची मुभा असलेली स्क्रिप्ट सुरक्षेसाठी नाकारली जाते. ओळींच्या शेवटांची चूक उद्या सुधारली, तरी ५०० कायम राहते, कारण आता कारण दुसरेच असते.

पीएचपीने हे चित्र बरेच सोपे केले. रासमुस लेरडॉर्फ यांनी जून १९९५ मध्ये जाहीर केलेली ही साधने आधी वैयक्तिक पानांसाठी होती. पुढे एचटीएमएलमध्येच कोड लिहिता येऊ लागला आणि हेडरची काळजी भाषेनेच वाहिली. मात्र सोयीसोबत नव्या अडचणी आल्या. ‘आम्ही काहीच बदलले नाही, तरी साइट बंद पडली’ ही तक्रार पुष्कळदा अगदी प्रामाणिक असते. बदल होस्टने केलेला असतो. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शने काढून टाकण्यात आली. त्यांच्यावर उभी असलेली साइट, होस्टने आवृत्ती बदलली त्या दिवशी, ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ म्हणत थांबते. एरर पडद्यावर दाखवणे बंद असेल, तर वाचकाला पांढरे पान किंवा नुसते ५०० दिसते.

मराठी मजकुराच्या साइटवर एका चुकीशी गाठ हमखास पडते. नोटपॅडचा जुना ‘अँसी’ पर्याय देवनागरी साठवू शकत नाही, म्हणून लेखक यूटीएफ-८ निवडतो. २०१९ च्या सुधारणेपूर्वीचे नोटपॅड अशा फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालत असे. पीएचपीच्या दृष्टीने तो छापायचा मजकूर. तो बाहेर पडला की हेडर पाठवण्याची वेळ टळते, लॉगिन टिकत नाही, दुसऱ्या पानावर वळवणे फसते. लॉगमधले वाक्य मात्र स्वच्छ असते: हेडर आधीच गेले आहेत, मजकूर अमुक फाइलच्या ओळ १ पासून सुरू झाला. गंमत अशी, की बहुतेक जण वाक्याच्या शेवटी नाव आलेली, तक्रार करणारी फाइल उघडतात. दोष त्याआधी कंसात नाव आलेल्या फाइलमध्ये असतो. घरच्या संगणकावर आउटपुट बफरिंग सुरू असेल, तर तिथे हा दोष दिसतही नाही.

दुसऱ्या एका चुकीची लॉगमध्ये नोंदच होत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ते लॅटिन-१ समजून वाचले, तर अक्षरांचे कडबोळे होते, पण मूळ बाइट शाबूत असतात आणि मजकूर परत मिळवता येतो. डेटाबेसने साठवतानाच अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली असतील, तर बॅकअपशिवाय उपाय नाही. म्हणून हा भेद ओळखण्यासाठी आम्ही एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

या सगळ्यामागचा विचार आमचा एकट्याचा नाही. आंद्रेआस त्सेलर यांनी २००५ च्या ‘व्हाय प्रोग्रॅम्स फेल’ या ग्रंथात कोडमधला दोष, त्याने बिघडलेली अंतर्गत स्थिती आणि शेवटी दिसणारे अपयश अशी साखळी मांडली. दिसते ते साखळीचे शेवटचे टोक, आणि आपण चालायचे ते उलट दिशेने. होस्टिंगवर ही चाल अशी: त्याच फोल्डरमध्ये साधे एचटीएमएल पान ठेवा. ते उघडले, तर एका ओळीची पीएचपी फाइल. तीही चालली, तर फक्त डेटाबेसशी जोडणी. जिथे पाऊल अडेल, तो थर. एका वेळी एकच बदल करा आणि केलेला बदल वेळेसह लिहून ठेवा. वेळेबाबत एक सावधगिरी: अनेक होस्टच्या लॉगमध्ये वेळ यूटीसीमध्ये असते. संध्याकाळी ५ वाजता आपल्याकडे आलेली एरर तिथे सकाळी ११.३० च्या नोंदीत शोधावी लागते. हे माहीत नसलेला माणूस लॉग रिकामा आहे असे समजून परत फिरतो.

प्रकरणांचा क्रम याच थरांचा आहे. पण तो मोडून आपल्या अडचणीचे पान आधी उघडायला हरकत नाही. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण गृहीत धरलेले नाही. फाइल उघडणे, चढवणे आणि लॉगच्या शेवटच्या वीस-तीस ओळी न कंटाळता वाचणे एवढे पुरे. सर्व चुका भाडेकरूला दुरुस्त करता येणार नाहीत, काहींची किल्ली होस्टकडेच असते. तेव्हा ‘साइट बंद आहे, लवकर सुरू करा’ असे लिहिण्याऐवजी पानाचा पत्ता, चुकीची वेळ, लॉगमधली नेमकी ओळ आणि शेवटचा बदल अशा चार गोष्टी वाचक पाठवू लागला, तर पलीकडच्या तंत्रज्ञाला प्रश्न विचारत बसावे लागणार नाही. तो थेट कामालाच लागेल.