दोनशे वॅटांचा मोह

आमच्या घरातला जुना ॲम्प्लिफायर ऐन गणपतीत गेला. अगदी सदेह गेला. थोडा धूर, थोडा वास आणि शेवटी एक मोठ्ठा हुंकार. अण्णांनी रेकॉर्डवरची सुई उचलली आणि "चांगला चालला हो चाळीस वर्षं," एवढंच म्हणाले. चाळीत कुणी गेलं की जो सूर लागतो, अगदी त्याच सुरात.

अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप, वय अठ्ठ्याहत्तर. हा ॲम्प्लिफायर त्यांनी १९८३ साली एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बनवून घेतला होता. पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं होतं : '६० वॅट'. त्या आकड्याचा आम्हा भावंडांना लहानपणी केवढा अभिमान!

सुदैवाने पगारवाढीच्या कराराचे एरिअर्स नुकतेच खात्यात पडले होते. त्यांची तरतूद सौ.ने करारावर सह्या होण्याआधीच करून ठेवलेली. तरी मला पंधरा हजारांची मंजुरी मिळाली. "अण्णांसाठी म्हणून हो," अशी अटही पडली.

माझा हिशेब सरळ होता. अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं. साठ वॅट पुरेनात, तेव्हा दोनशे घ्यावेत. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला हे पटलं. "खोली केवढी?" त्याने विचारलं. "दहा बाय बारा." "मग तीनशेच घ्या!"

मी तिथून पळ काढला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कॅशियरसाहेबांना शरण गेलो. नोटा मोजता मोजता गाण्याच्या यंत्रांवर बोलणारा हा माणूस. ते म्हणाले, "वॅट दुप्पट केलेस की आवाज तीन डेसिबलने वाढतो. कानाला जेमतेम कळतं. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल, तर वॅट दसपट लागतात."

दसपट भांडवल आणि दुप्पट परतावा! असा कर्जाचा प्रस्ताव आमच्या शाखेत कुणी चहासोबतही वाचला नसता.

"तुझ्या स्पीकरवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. "हं, एका वॅटला ८८ डेसिबल, एका मीटरवर. घरात आपण सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास ऐकतो. म्हणजे एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसारख्या अचानक खर्चासाठी शिलकीत ठेवायचे."

शिलकीची भाषा निघाली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री मी इतिहास वाचायला बसलो.

ली डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थाने १९०६ साली ऑडिऑन नावाची नळी केली. तिच्या पुढच्या पिढ्यांनी क्षीण आवाज मोठा करायला सुरुवात केली. पण ही नळी पदरचंही थोडं मिसळी. लांबच्या टेलिफोन लाइनवर असे ॲम्प्लिफायर एकापुढे एक बसवलेले. प्रत्येकाने आपली भर घातली की पलीकडे जे पोचायचं, ते बदलीच्या अफवेसारखं! मूळ वाक्य कुणी ओळखू नये.

त्यावरचा तोडगा बेल लॅबोरेटरीजच्या हॅरल्ड ब्लॅक नावाच्या एकोणतीस वर्षांच्या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी सुचला. तोही कचेरीला जाताना, होबोकेनहून मॅनहॅटनला निघालेल्या फेरीबोटीत! (आम्हाला लोकलमध्ये फक्त चौथी सीट सुचते.) त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच आकृती काढली. कल्पना अशी : बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा भाग उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. यंत्राने पदरचं जे घातलं असेल, ते बरंचसं वजा होतं. आम्ही संध्याकाळी कॅश टॅली करतो, तसंच! मात्र त्यात ॲम्प्लिफायरची वाढवण्याची ताकद बरीच खर्ची पडते. आवाज वाढवणाऱ्या यंत्राची ताकद मुद्दाम कमी करायची, हे पेटंटवाल्यांच्या गळी उतरेना. १९२८ साली केलेला अर्ज १९३७ च्या डिसेंबरात मंजूर झाला. आमच्याकडे गृहकर्जाची फाइलसुद्धा एवढी निजत नाही.

याच युक्तीवर १९४७ साली विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात एका ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. हौशी लोकांनी तो घरोघरी बांधला. त्याची ताकद? पंधरा वॅट!

पुढे ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले आणि जाहिरातीतले वॅट तर फुकटच. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकन सरकारला नियम करावा लागला, की वॅट ठरावीक रीतीनेच मोजा आणि आवाज किती बिघडतो तेही सांगा. आपल्याकडे मात्र नव्वदच्या दशकात डब्याएवढ्या टेपवर 'हजार वॅट पीएमपीओ' बिनदिक्कत छापलेलं असे. आणि १९७८ साली नॅड ३०२० हा ॲम्प्लिफायर आला, तो कागदावर अवघ्या वीस वॅटांचा. पण स्वस्त आणि मस्त म्हणून जगभर गाजला.

मी बारा हजारांत तीस-तीस वॅटांचा ॲम्प्लिफायर आणला. दुकानदाराने अशा नजरेने पाहिलं, जणू मी शर्टाचं कापड मागून रुमालावर समाधान मानलं होतं.

रात्री अण्णांनी रेकॉर्ड लावली. मी सवयीने बटण पुढे सरकवलं.

"वाढवू नकोस रे," ते कानामागे हात धरून म्हणाले. "वाढवलंस की नुसता गलका होतो. त्यात तानपुरा जातो."

वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, हे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा मी ते औषधाच्या चिठ्ठीबरोबर घडी घालून ठेवलं होतं. बटण मी मागे घेतलं. अण्णा डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळाने त्यांची बोटं मांडीवर हलू लागली.

बाजू संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती वॅटचा आहे हा?"

"तीस," मी जरा ओशाळून म्हणालो. "आपला जुना साठाचा होता."

"छे! तो पंधराचाच होता," अण्णा रेकॉर्ड उलटत म्हणाले. "साठ मीच लिहून घेतलं होतं. तुझ्या आईला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत म्हणून."