फोटोच्या पाठीवरची नोंद

मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. रेल्वे आणि फोटो आपल्याकडे असे बरोबरीने वाढले. समितीकडे जमलेल्या जुन्या फोटोंची नोंदवही करताना मला याचा फार उपयोग झाला, कारण बऱ्याच फोटोंत कुठे ना कुठे स्टेशन, पूल किंवा गाडी आहेच! आम्हा दिल्लीकर मराठी मंडळींचा निम्मा संसार प्लॅटफॉर्मवरच झालेला.

तारीख नसलेल्या फोटोत काय दिसते ते बारकाईने पाहावे. मुंबईच्या व्ही.टी.च्या रुळांवर विजेच्या तारा दिसल्या, तर फोटो ३ फेब्रुवारी १९२५ च्या फारसा आधीचा नाही. त्या दिवशी तिथून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली. खंडाळ्याच्या घाटात गाडीची दिशा बदलण्याचे रिव्हर्सिंग स्टेशन १८६३ ते १९२९ पर्यंत वापरात होते. तिथे उभी असलेली गाडी दिसली की दोन्ही टोके मिळाली. डब्यावर जी.आय.पी. असेल तर मात्र जपून. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी झाली, पण रंगवलेली अक्षरे काही त्याच रात्री पुसली जात नाहीत. दिल्लीत यमुनेवरच्या विसर्जनाच्या फोटोत मेट्रो धावताना दिसली, तर तो डिसेंबर २००२ नंतरचा. आता विसर्जन कृत्रिम तलावात होते, त्यामुळे नदीकाठचे हे फोटो आपोआपच इतिहासात जमा झाले आहेत.

फोटो खोटे बोलत नाही, हे मला मान्य नाही. विल्यम जॉन्सनच्या मुंबईतील लोकांवरच्या पुस्तकात (१८६३ व १८६६) माणसे एकीकडची आणि मागचा देखावा दुसरीकडचा, असे जोडकाम आहे. म्हणून आमच्या वहीत 'कोणी सांगितले' असा वेगळा रकाना ठेवला. नक्की माहिती शाईने, अंदाज पेन्सिलने. फोटोच्या पाठीवर फक्त नंबर, तोही मऊ पेन्सिलने व कडेला. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. रेल्वेत लहानशा मोरीलाही नंबर असतो आणि रजिस्टरात तिची नोंद असते. फोटोला का नसावी?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवत. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. आपल्याकडे मोडी दप्तरे नाहीत, अल्बम आहेत. कोणी निवृत्त होऊन नागपूर-पुण्याला परततो, क्वार्टर रिकामे होते आणि अल्बम रद्दीत जातो. फोटो पुन्हा मिळेलही एखादा. पण मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

मंडपात प्रसादाच्या टेबलाशेजारी न ओळखलेले फोटो मांडले आहेत. आजी-आजोबांना चष्म्यासकट घेऊन या. मूळ फोटो द्यायचा नसेल तर आम्ही तिथेच त्याची प्रत काढून घेऊ.